हायगेटमधली राखाडी वही

लंडन, १० फेब्रुवारी १८६२, सोमवार. रात्रीचे आठ वाजायला थोडा अवकाश आहे आणि तुम्ही लेस्टर स्क्वेअरमध्ये उभे आहात. थंडी हाडात शिरतेय. दगडी कोळशाचा धूर इतका दाट की ओठांवरून जीभ फिरवली तर त्याची चव लागते. गॅसच्या दिव्यांभोवती पिवळट धुकं साचलंय. इथे तुम्ही कोणाला दिसणार नाही आणि तुमचा आवाज कोणाला ऐकू जाणार नाही. ही अट आत्ताच नीट समजून घ्या, कारण पुढच्या काही तासांत तुम्हाला ओरडावंसं वाटणार आहे.

आधी शहर बघा. राणीचा नवरा आल्बर्ट १४ डिसेंबरला गेला. राणीनं काळे कपडे घातले आहेत आणि पुढची चाळीस वर्षं, स्वतः मरेपर्यंत, ती ते उतरवणार नाही. पण या शहराला दुखवट्याचा धंदा राणीनं शिकवलेला नाही, तो आधीपासून तेजीत आहे. इथून थोडं चालत रीजंट स्ट्रीटला गेलात तर जे यांचं मोठं दुकान लागेल. १८४१ पासून तिथे फक्त सुतकाचं सामान मिळतं. काळं क्रेपचं कापड, काळ्या किनारीचे पत्राचे कागद, व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या काळ्याभोर जेटचे दागिने. गेलेल्या माणसाच्या केसांची बारीक वेणी घालून ती काचेखाली बसवलेले ब्रोच आणि अंगठ्याही लोक मोठ्या हौसेनं वापरतात. विधवेनं दोन वर्षं काळ्यात राहायचं, त्यातही कुठल्या महिन्यात क्रेपची पट्टी किती रुंद हवी याचे संकेत ठरलेले. आपल्याकडे तेराव्याला गोडधोड करून माणसं कामाला लागतात, इथे तेराव्या दिवशी शिंपी अजून मापं घेत असतो.

या लोकांना कवितेकडून काय हवंय हेही इथेच कळतं. टेनिसनचा मित्र आर्थर हॅलम १८३३ मध्ये व्हिएन्नात अचानक गेला, वय अवघं बावीस. टेनिसन त्याच्यावर सतरा वर्षं थोडं थोडं लिहीत राहिला आणि १८५० मध्ये ती प्रदीर्घ विलापिका स्वतःचं नाव न घालता छापली. त्याच वर्षी तो राजकवी झाला. आता राणीच्या हाताशी तेच पुस्तक आहे. बायबलनंतर आपल्याला याच पुस्तकाचा आधार आहे, असं ती म्हणते. मेलेल्या माणसाला विसरायचं नाही हे कर्तव्य, आणि ते कर्तव्य छापील पानावर निभावणारा कवी म्हणजे घरचा पुरोहित, अशी या काळाची समजूत आहे.

साब्लोनिएर हॉटेलचं दार उघडलं. तिघं बाहेर येताहेत. बुटका, भडक लाल केसांचा, सारखा हातवारे करणारा तरुण म्हणजे स्विनबर्न, चोवीस वर्षांचा, अजून फारसं नाव नसलेला कवी. दुसरा जरा स्थूल, इटालियन डोळ्यांचा, दान्ते गॅब्रिएल रॉसेटी. वय तेहतीस, चित्रकार आणि कवी. आणि त्याच्या शेजारी त्याची बायको. उंच, फार कृश, तांब्याच्या रंगाचे दाट केस. बत्तीस वर्षांची एलिझाबेथ सिडल. सगळे तिला लिझी म्हणतात. जेवताना ती मध्येच पेंगुळत होती, मध्येच उल्हसित होत होती.

गाडी ब्लॅकफ्रायर्सच्या दिशेनं निघाली. जाऊ द्या. ती कुठे पोचणार हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याआधी तुम्हाला ही बाई जिवंत असताना बघायला हवी. त्यासाठी फार लांब जायला नको. याच चौकाला लागून क्रॅनबोर्न अॅली नावाची गल्ली आहे. बारा-तेरा वर्षं मागे व्हा.

गल्लीत बायकांच्या टोप्यांची दुकानं. एका दुकानात सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्याची ही मुलगी काम करतेय. दिवसभर उभं राहून टोप्यांना झालरी आणि फिती लावायच्या. एका तरुण चित्रकारानं तिला हेरलं आणि मग त्याच्या सगळ्या मित्रमंडळाला मॉडेल म्हणून ती हवी झाली. रॉसेटीचा भाऊ विल्यम पुढे तिची एक आठवण लिहून ठेवणार आहे. टेनिसनच्या कविता तिला पहिल्यांदा भेटल्या त्या लोण्याचा गोळा गुंडाळून आलेल्या कागदावर. आईसाठी लोणी घेऊन घरी आली आणि कागद उलगडून वाचत बसली. मला हा प्रसंग त्या काळच्या कवितेविषयीच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो. राणीच्या उशाशी असलेला कवी या मुलीपर्यंत रद्दीतून पोचला, आणि तिनं तो वाचला.

आता १८५२ चा हिवाळा, गावर स्ट्रीट, घर क्रमांक ८३. जॉन मिले ओफेलियाचं चित्र काढतोय. लिझी जुना चंदेरी पोशाख घालून पाण्यानं भरलेल्या न्हाणीटबात उताणी पडलेली आहे. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली तेलाचे दिवे लावलेत. तुम्ही खोलीच्या कोपऱ्यातून बघताय, आणि दिवे विझतात. मिलेचं लक्ष नाही, त्याला केसांची पाण्यावरची पसरण साधायची आहे. ती काही बोलत नाही. पाणी गार होत जातं. ती जबरदस्त आजारी पडते आणि तिचा बाप मिलेकडे पन्नास पौंडांची भरपाई मागतो. चित्र अजरामर होतं. बुडून मेलेल्या सुंदर मुलीची भूमिका या बाईनं विशी ओलांडता ओलांडता केली, आणि पुढे लोकांनी तिला दुसरी भूमिका फारशी दिलीच नाही.

रॉसेटी तिच्या प्रेमात पडला तो याच सुमारास. त्यानं तिला घेतलं ते थेट आपल्या स्वप्नात. नाव दान्ते, वडील दान्तेचे भाष्यकार, स्वतः दान्तेचा अनुवादक. दान्तेला जशी बिआट्रिस, तशी याला ही. आडनावातला एक 'ल' त्याच्याच सांगण्यावरून गळाला. तो तिची रेखाटनं करतो, करतच राहतो. खुर्चीत बसलेली, वाचणारी, झोपलेली, खिडकीशी रेललेली. फोर्ड मॅडॉक्स ब्राउन हा त्यांचा मित्र १८५५ मध्ये त्याच्याकडे आला तेव्हा तिच्या चित्रांनी भरलेला खणच्या खण त्याच्यापुढे उघडला गेला. रोजनिशीत ब्राउननं त्याला चक्क झपाटलेपण ठरवलं.

पण तुम्ही तिच्या हातांकडे बघा. तीही काढतेय. तिची जलरंगातली चित्रं कलासमीक्षक रस्किनला इतकी भावली की त्यानं १८५५ मध्ये तिला वर्षाला दीडशे पौंड द्यायचं कबूल केलं. १८५७ मध्ये या मंडळींनी रसेल प्लेसला प्रदर्शन भरवलं, त्यात चित्रं लावणारी बाई ती एकटी. आणि ती कविता लिहिते. सुट्या कागदांवर, कच्च्या, खाडाखोड केलेल्या, कोणाला न दाखवता. हे कागद लक्षात ठेवा.

१८५६ ची नाताळची आदली संध्याकाळ. रॉसेटीची धाकटी बहीण क्रिस्टिना सव्वीस वर्षांची आहे. घरातली सगळ्यात शांत, देवभोळी, आणि माझ्या मते चारही भावंडांत सगळ्यात धारदार. तिनं आज एक सुनीत लिहिलंय. भावाच्या चित्रशाळेत एकच चेहरा सगळीकडे आहे, कधी राणी, कधी संत, कधी साधी पोर, आणि त्या बाईचं जे आज झालंय ते यातल्या एकाही चित्रात नाही, असा त्याचा रोख. भावाचं नाव नाही, लिझीचं नाही. केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीत आणला तो हाच चौदा ओळींचा साचा, तोलून-मापून बोलायचा. क्रिस्टिनानं तो एखाद्या साक्षीदाराच्या जबानीसारखा वापरला. सुनीत तिनं छापलं नाही. ते लोकांसमोर येईल १८९६ मध्ये, ती गेल्यानंतर.

पुढचं झरझर पाहू या. लग्नाचं आज-उद्या करत रॉसेटीनं जवळजवळ दहा वर्षं काढली. मधल्या काळात दुसऱ्या बायका आल्या. २३ मे १८६० ला हेस्टिंग्जच्या चर्चमध्ये लग्न लागलं तेव्हा नवरी आजारानं अर्धी झालेली होती. २ मे १८६१ ला तिला मुलगी झाली, मेलेली. मैत्रीण जॉर्जियाना बर्न-जोन्स भेटायला गेली तर लिझी रिकाम्या पाळण्याशेजारी बसलेली, आणि बाळ उठेल म्हणून पाहुण्यांना हळू बोलायला सांगत होती.

चला ब्लॅकफ्रायर्सला. पुन्हा ती रात्र. चॅथम प्लेस, क्रमांक १४. खाली थेम्स, आणि नदीकाठचा बांध अजून झालेला नसल्यामुळे भरतीचं पाणी भिंतींपर्यंत येतं. गटारांचा आणि चिखलाचा वास खिडकीच्या फटीतून आत येतोय. नऊच्या सुमारास रॉसेटी तिला झोपायच्या तयारीत ठेवून बाहेर पडतो. कामगारांच्या महाविद्यालयात जातोय असं त्याचं म्हणणं.

तुम्ही खोलीत थांबा. उशाशी लहानशी बाटली आहे. लॉडनम, म्हणजे दारूत विरघळवलेली अफू. झोप येत नाही, पोट दुखतं, खोकला आहे, मन लागत नाही, सगळ्यावर एकच औषध. अफू म्हटलं की मराठी वाचकाला मुंबई बंदर आणि माळव्याच्या पेट्या आठवतील, पण तो माल चीनला जायचा. इंग्लंडमधल्या औषधाच्या बाटल्यांत मुख्यतः तुर्कस्तानची अफू असे. ती विकायला परवाना लागत नाही, वाण्याच्या दुकानातही मिळते. विषाची चिठ्ठी लावूनच विकायची आणि औषधवाल्यानंच विकायची, हा कायदा व्हायला अजून सहा वर्षं आहेत. लिझीला याची सवय जुनी आहे. आज किती थेंब घेतले, चुकून घेतले की ठरवून, हे कोणालाच कळणार नाही, आणि तुम्हाला मी ते दाखवणारही नाही. तुम्ही या खोलीतून बाहेर जा आणि जिन्यावर बसा.

साडेअकराला तो परत येतो. ती उठत नाही. डॉक्टर येतात, एकामागून एक चार. पोटात नळी घालून विष काढायचा प्रयत्न होतो. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ती जाते. दुसऱ्या दिवशी चौकशी बसते, स्विनबर्नही साक्ष देतो, निर्णय येतो अपघाती मृत्यूचा. तिनं चिठ्ठी लिहून ठेवली होती आणि ती ब्राउननं जाळायला लावली, ही वदंता नंतर कित्येक वर्षं फिरत राहिली. आत्महत्या ठरली असती तर तिला नीट दफनविधी मिळाला नसता, म्हणून अशी चिठ्ठी असती तर मित्रानं नेमकं हेच केलं असतं. यापलीकडे पुरावा नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. शवपेटीचं झाकण अजून लावलेलं नाही. रॉसेटी आत येतो, हातात राखाडी कातडी बांधणीची वही. त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवलेल्या सगळ्या कविता, ज्यांतल्या बऱ्याच कवितांची दुसरी प्रत नाही. आदल्याच वर्षी त्यानं जुन्या इटालियन कवींचे अनुवाद छापले तेव्हा पुस्तकाच्या शेवटी जाहिरात होती की याच कवीच्या स्वतःच्या कविता लवकरच येत आहेत. त्याच या. तो मित्रांना सांगतो की ती आजारी असताना, तिच्याजवळ बसायचं सोडून मी या लिहीत होतो, आता या तिच्याबरोबर जाऊ देत. मॅडॉक्स ब्राउनला हे पसंत नाही, तो विल्यमला म्हणतो, अडव त्याला. विल्यम अडवत नाही. या भावनेनं त्याची शोभाच वाढते, असं त्याला वाटतं. वही तिचा गाल आणि केस यांच्यामध्ये ठेवली जाते.

या क्षणी तुम्ही त्याला नाटकी म्हणू नका. अपराधाची जाणीव खरी आहे, माणूस खरोखर मोडलेला आहे. कवीनं स्वतःला करायची सगळ्यात मोठी शिक्षा त्याला सुचली आणि ती त्यानं केली. त्यात थोडं प्रेक्षकांकडे लक्ष होतं का? त्या काळच्या माणसाला दुःख आणि त्याचं प्रदर्शन यांत आपल्याइतका फरक वाटतच नव्हता.

हायगेटची टेकडी. स्वेन्स लेनचा चढ छातीत भरतो. १८३९ मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी कंपनीनं नफ्यासाठी काढलेली आहे, आणि ती बघायला लोक मुद्दाम येतात. शहरातली चर्चची आवारं प्रेतांनी तुंबली म्हणून ही बाहेरची जागा. इजिप्तच्या देवळासारखं तोंड असलेली एक बोळ, जुन्या देवदाराभोवती गोलाकार कोरलेली तळघरं. लिझीची जागा इतकी भपकेबाज नाही. रॉसेटी कुटुंबाच्या साध्या थडग्यात, आठ वर्षांपूर्वी पुरलेल्या सासऱ्यांच्या शेजारी तिला ठेवतात. माती पडते.

या वसंतात क्रिस्टिनाचा पहिला मोठा संग्रह मॅकमिलन काढतंय, 'गॉब्लिन मार्केट आणि इतर कविता'. चित्रं भावाची. तिनं अठराव्या वर्षी लिहिलेलं 'रिमेंबर' हे सुनीत त्यात आहे. मरणारी बाई प्रियकराला आठवण ठेवायला सांगते आणि पुढे आपलं मागणं परत घेते, की माझ्या आठवणीनं तुला दुःख होणार असेल तर खुशाल विसर. राणीपासून मोलकरणीपर्यंत सगळा देश आठवणीचे दागिने घालून हिंडत असताना एका मुलीनं विसरण्याची परवानगी दिली. या शतकातल्या स्मरणाच्या कवितांत मला हे सगळ्यात धाडसी वाक्य वाटतं.

आता साडेसात वर्षं पुढे. ऑक्टोबर १८६९, चेल्सी, चेनी वॉक. रॉसेटी मोठ्या घरात राहतोय. अंगणात मोर आहेत, आणि नुकताच एक ऑस्ट्रेलियन वॉम्बॅट आलाय, ज्याच्यावर त्याचा फार जीव आहे. (महिन्याभरात तो मरेल. रॉसेटी त्याच्या थडग्याशी रडणाऱ्या स्वतःचं व्यंगचित्र काढेल, खाली थट्टेची विलापिका लिहील आणि जनावर पेंढा भरून ठेवेल. दुःखाची थट्टा त्याला जमत नव्हती असं नाही.) चित्रं चांगल्या किमतीला जाताहेत. चित्रशाळेत 'बेआता बेआट्रिक्स' आहे. डोळे मिटलेली लिझी, आणि एक लाल पक्षी तिच्या हातांत पांढरं अफूचं फूल टाकतोय. ते फूल मृत्यूची खूण म्हणून ठेवलंय, पण बाटली आठवणाऱ्या तुम्हाला ते बघवत नाही.

डोळे अधू होतील या भीतीनं तो पुन्हा कवितेकडे वळलाय. मार्चमध्ये 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'नं त्याची सोळा सुनीतं छापली, विषय आयुष्य, प्रेम आणि मृत्यू. नव्या सुनीतांमागची बाई लिझी नाही. ती जेन मॉरिस आहे, मित्र विल्यम मॉरिसची बायको. संग्रह काढायचाय, आणि जुन्या कविता हायगेटला जमिनीखाली आहेत.

चार्ल्स ऑगस्टस हॉवेल नावाचा एक गोडबोल्या, दलाल, सगळ्यांची कामं करून देणारा गृहस्थ पुढे होतो. रॉसेटी त्याला खुणेचा तपशील लिहून देतो. वही राखाडी वासराच्या कातड्याची, पानांच्या कडा बहुधा लाल. पेटीत बायबलही आहे, गल्लत करू नका. कबरीची जागा आईच्या नावावर आहे, पण आईला विचारायचं नाही. गृहमंत्री हेन्री ब्रूस ओळखीचा आहे, परवानगी त्याच्याकडून मिळते. आईला नाही, बहिणींना नाही, विल्यमलासुद्धा काम झाल्यावर कळवायचं.

५ ऑक्टोबर, मंगळवार, अंधार पडल्यावर. तुम्ही पुन्हा स्वेन्स लेन चढताय. फाटक तुमच्यासाठी आत्ता उघडं आहे. कबरीशेजारी जाळ पेटवलाय. उजेडात हॉवेल दिसतो, वकील टेब्ज दिसतो, डॉक्टर विल्यम्स आणि फावडी घेतलेले मजूर. ज्याची वही, तो आलेला नाही.

फावड्यांचा आवाज ऐका. लंडनची माती चिकट, ओली. ती उपसताना फावडं दरवेळी सुटताना आवाज करतं. पेटी वर येते. झाकण निघतं आणि डॉक्टर पुढे होतो. वही बाहेर काढतो, ती जंतुनाशकानं भिजवली जाते, कापडात गुंडाळली जाते. पेटी बंद. पुन्हा माती. मजूर पैसे घेऊन उतरतात. जे घडलं ते एवढंच. तिचं सौंदर्य जसंच्या तसं होतं, तांबडे केस वाढून पेटी भरून गेली होती, ही गोष्ट हॉवेलनं नंतर पसरवली. हॉवेल सराईत थापाड्या होता आणि मेल्यावर केस वाढत नाहीत. तरीही दीडशे वर्षं सगळे हीच गोष्ट सांगतात, कारण या माणसांना मेलेली बाई तशीच हवी होती. पेटीत जाताना दिलेली भूमिका पेटीतही सुटली नाही.

डॉक्टरनं पानं एकेक करून वाळवली, त्याला आठवडे लागले. रॉसेटीच्या हातात आली तेव्हा वहीला दुर्गंधी होती आणि 'जेनी' नावाच्या दीर्घ कवितेच्या पानांतून कीड आरपार गेली होती. जेनी ही झोपी गेलेली एक तरुण वेश्या, आणि तिच्याकडे बघत एक सुसंस्कृत पुरुष विचार करतोय. कविता चांगली आहे. पण तुम्ही आत्ता ज्या टेकडीवर उभे आहात तिथेच, हायगेटला, अशा मुलींसाठी चर्चनं चालवलेलं एक आश्रयगृह आहे, आणि क्रिस्टिना तिथे १८५९ पासून काम करतेय. भावानं जेनीला झोपलेली ठेवली. बहिणीला त्या जाग्या भेटत होत्या.

संग्रह एप्रिल १८७० मध्ये निघाला, गाजला, पहिल्याच वर्षात पुन्हा पुन्हा छापावा लागला. दीड वर्षानं रॉबर्ट ब्यूकॅनननं टोपणनावानं त्याच्यावर जहरी लेख लिहिला, ही देहाची कविता आहे म्हणून. १८७२ च्या जूनमध्ये रॉसेटी कोसळला आणि त्यानंही लॉडनमची बाटली पोटात रिचवली. तो वाचला. पुढची दहा वर्षं झोपेसाठी क्लोरल आणि व्हिस्की. त्यानं एक गोष्ट निक्षून सांगून ठेवली होती, काहीही झालं तरी मला हायगेटला पुरू नका. ९ एप्रिल १८८२ ला, ईस्टरच्या रविवारी, तो केंटच्या किनाऱ्यावर बर्चिंग्टनला गेला आणि तिथेच त्याला ठेवलं. हायगेटच्या त्या थडग्यात आई गेली, १८९५ च्या आरंभी क्रिस्टिना गेली, पुढे विल्यम गेला. लिझी आपल्या सासरच्या माणसांत आहे, नवरा सोडून.

लोक विचारतात, त्यानं थडगं उकरलं ते पाप की नाही. मला तो प्रश्न तितका जड वाटत नाही. कवीला आपल्या कविता परत हव्या झाल्या, हे माणसासारखं आहे. मला दुसराच हिशेब टोचतो, आणि त्यासाठी तुम्हाला थोडं मागे, १८६५ मध्ये यावं लागेल.

क्रिस्टिना आपल्या नव्या संग्रहाची जुळवाजुळव करतेय. तिला सुचतं की लिझीच्या कविता आपल्या कवितांबरोबर छापाव्यात. ती भावाकडे मागते, तो पाठवतो. ते कागद. तुम्ही तिच्या खांद्यावरून वाचा. एका कवितेत बोलणारा पुरुष आहे. तो स्वच्छ कबूल करतो की मला हिच्या आत्म्याशी काही देणंघेणं नाही, मला हिचं रूप पुजायचंय, रूप गेल्यावर हिचं काय होईल त्याची मला चिंता नाही. दुसरीत मेलेलं प्रेम आहे, आणि त्याच्यासाठी रडत बसू नको असं कोरडं सांगणं. सफाई कमी आहे. वृत्त कुठे अडखळतं. पण चित्रातली बाई इथे चित्रकाराकडे बघतेय, आणि तिला सगळं कळलेलं आहे. क्रिस्टिना वाचते, सौंदर्य ओळखते, आणि भावाला कळवते की इतक्या निराश कविता एकत्र छापणं बरं नव्हे. कागद परत जातात.

म्हणजे बघा. एक वही सहा फूट मातीतून, मंत्र्याच्या परवानगीनं, डॉक्टर-वकील लावून, रात्री जाळ पेटवून वर काढली. हे कागद वर काढायला फावडं लागत नव्हतं. ते घरातच होते. पुरुषानं बाईविषयी लिहिलेलं शोधायला सगळे धावले आणि बाईनं स्वतःविषयी लिहिलेलं, त्यातलं सौंदर्य ओळखणाऱ्या नणंदेनंही, मिटून ठेवलं. प्रेम, मृत्यू आणि स्मरण या तिन्हींवर त्या शतकानं जेवढं लिहिलं तेवढं क्वचितच कोणी लिहिलं असेल, आणि तरी मेलेल्या माणसाचं म्हणणं काय होतं हे ऐकायला त्याला सवड झाली नाही.

विल्यमनं म्हातारपणी तिच्या काही कविता आठवणींच्या पुस्तकांतून तुकड्या-तुकड्यांनी छापल्या, त्याही नीटनेटक्या करून. तिच्या हस्तलिखितांवरून सगळ्या कविता एकत्र असलेलं पुस्तक निघालं २०१८ मध्ये, ती गेल्यावर १५६ वर्षांनी, सेरेना ट्रोब्रिज यांच्या संपादनाखाली. या काळाची कविता वाचायची असेल तर आधी ते मिळवा, मग क्रिस्टिना वाचा, टेनिसन वाचा. राखाडी वहीतल्या कविता त्यानंतर वाचल्या तरी चालेल.